खडवलीचे पाणी, ठाण्याची खाडी

ठाण्याच्या खाडीतल्या जीवसृष्टीची ओळख करून देणाऱ्या पुस्तकाची प्रस्तावना खडवलीपासून सुरू व्हावी, हे काही वाचकांना आडवळणाचे वाटेल. खडवली हे कल्याण तालुक्यातले, मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर टिटवाळा आणि वासिंद यांच्या मधले गाव. तिथे खारा वारा नाही, तिवरांची झाडी नाही, रोहित पक्ष्यांचे थवे नाहीत. आहे ती भातसा नदी. काळ्या खडकांतून वाहणारी, सुट्टीच्या दिवशी मुंबई-ठाण्याच्या मंडळींना डुंबायला बोलावणारी आणि जवळजवळ दर वर्षी त्यांतल्या काहींचा जीव घेणारी. तरीही खाडी समजून घ्यायची असेल तर आधी या नदीकाठी उभे राहावे, असे मला मनापासून वाटते. खारे पाणी कुठवर आत शिरणार, चिखल किती साचणार, कोणते झाड कुठे रुजणार आणि कोणता मासा कुठे अंडी घालणार, यातले बरेचसे वरून येणारे गोडे पाणी ठरवते. आपल्याकडे खाडीवर लिहिणारे बहुधा पुलावर उभे राहून समुद्राच्या दिशेने पाहतात. त्यांची पाठ असते ती नदीकडे.

भातसा कसारा घाटाच्या डोंगरांतून येते. काळू माळशेजच्या बाजूने येते आणि टिटवाळ्याजवळून वाहते. उल्हास राजमाचीच्या परिसरात उगम पावून कर्जत, नेरळ, बदलापूर करत खाली उतरते. या साऱ्यांचे पाणी कल्याणच्या आसपास एकत्र होते आणि तिथेच नदीची खाडी होऊ लागते. भरतीचा जोर कल्याणपर्यंत जाणवतो. पुढे डोंबिवली, मुंब्रा करत हे पाणी ठाण्याला पोहोचते आणि दुभंगते. मोठा प्रवाह घोडबंदरच्या बाजूने वसईच्या खाडीकडे जातो आणि एक अरुंद फाटा ठाणे शहराला वळसा घालून दक्षिणेला मुंबई बंदराकडे उतरतो. हीच सुमारे 26 किलोमीटर लांबीची ठाण्याची खाडी. सुरुवातीला इतकी चिंचोळी की 1854 मध्ये रेल्वेने ती पूल बांधून ओलांडली आणि कल्याण गाठले. ट्रॉम्बे-वाशीच्या बाजूला हीच खाडी इतकी रुंदावते की पलीकडचा काठ धुक्यात दिसतच नाही.

या पाण्यावर माणसाचा वावर फार जुना. कल्याण बंदराचा उल्लेख पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात आहे, कान्हेरीच्या लेण्यांतल्या दानलेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावे आहेत आणि 1657 मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी आरमाराची उभारणी याच खाडीत सुरू केली. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी आज जे उथळ, गढूळ पाणी दिसते त्यावरून ही गोष्ट पटणे अवघड जाते. पण खाडी गाळाने भरत जाते, हा तिचा स्वभावच आहे. तो स्वभाव आपण किती वेगाने वाढवला, हा प्रश्न वेगळा.

खडवलीचे पाणी खाडीला दोन वाटांनी मिळते. पहिली वाट नदीची, वर सांगितली ती. दुसरी वाट क्वचितच कोणाच्या लक्षात येते. मे महिन्यात आजूबाजूचे ओढे कोरडे पडलेले असताना भातसा वाहती दिसते, कारण तेव्हा तिच्यातले पाणी मुख्यतः भातसा धरणातून मुंबईसाठी सोडलेले असते. ते नदीच्या पात्रातूनच खडवलीवरून पुढे पिसे बंधाऱ्यापर्यंत जाते, तिथे उचलले जाते, पांजरापूरला शुद्ध होते आणि मोठमोठ्या जलवाहिन्यांतून मुंबईत पोहोचते. मुंबईच्या रोजच्या पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास पाणी या एका नदीचे आहे. मग ते स्वयंपाकघरांतून, मोऱ्यांतून आणि संडासांतून सांडपाणी होऊन बाहेर पडते. पूर्व उपनगरांतले सांडपाणी भांडुप आणि घाटकोपरच्या प्रक्रिया केंद्रांतून ठाण्याच्या खाडीत सोडले जाते. प्रक्रिया न झालेले नाल्यांतून येते ते निराळेच. म्हणजे नदीच्या वाटेने जे पाणी कल्याणच्या खाडीत यायचे, त्यातले पुष्कळसे शहराच्या पोटातून फिरून, नत्र आणि स्फुरद घेऊन, पार दक्षिणेला खाडीला मिळते. खाडीतल्या गेल्या काही दशकांच्या बदलांचा बराचसा उलगडा या एका वळणात आहे, हे पुढे रोहित पक्ष्यांकडे आल्यावर दिसेल.

त्याआधी पावसाळा. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात भातसा-काळूच्या काठच्या गावांत वलगणीच्या माशांची धांदल उडते. अंगात अंडी भरलेले मासे नव्या पाण्याच्या वासाने प्रवाहाविरुद्ध चढू लागतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भातखाचरात, आणि तिथल्या उथळ, उबदार पाण्यात अंडी घालतात. पिल्लांना वाढायला तिथे खाणेही भरपूर आणि मोठ्या माशांची भीतीही कमी. रात्री बत्त्या घेऊन, पाग टाकून, कोयत्याने हे मासे मारायची जुनी रीत आहे. घरटी चार मासे नेले जात तोवर नदीला ते झेपत होते. आता ओढ्यांच्या तोंडांवर बारीक जाळी आडवी लागतात आणि खाचरांच्या जागी गोदामे आणि बंगल्यांचे प्लॉट पडले आहेत. चढणारा मासा वर पोहोचला तरी अंडी घालायला जागा उरत नाही. या चढण्याबद्दल खाडीच्या पुस्तकांत सहसा काही नसते. पण खालच्या अंगाला जिताडा नेमका उलटा प्रवास करतो. तो वाढतो खाडीत आणि खाजणांत, म्हणजे भरतीचे पाणी शिरणाऱ्या काठच्या सखल जमिनीत, आणि पावसाळ्यात अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे, खाऱ्या पाण्यात जातो. पिल्ले भरतीबरोबर पुन्हा आत येतात. हा मासा आयुष्याची पहिली काही वर्षे नर असतो आणि पुढे मादी होतो, त्यामुळे मोठे जिताडे बहुतेक माद्याच. मोठा मासा मिळाला की बाजारात भाव येतो, पण पाण्यातून एक जुनी वीण गेलेली असते. वर चढणारे आणि खाली उतरणारे, दोघांनाही हवे ते एकच: मोकळी वाट आणि वेळेवर आलेले गोडे पाणी.

खाडीचे घड्याळ तिथीवर चालते. कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची जी पद्धत आहे ती प्रत्येक वाचकाने पाठच करून ठेवावी. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास, आणि साधारण साडेबारा तासांनी पुन्हा. मुंबईच्या किनाऱ्यावर हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो, ठाण्याकडे आणि कल्याणकडे आत येईतो पाण्याला आणखी उशीर लागतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी चार-साडेचार मीटरही चढते-उतरते, अष्टमीच्या सुमारास भांगाच्या दिवसांत हा फरक पुष्कळ कमी असतो. भरतीला गेलात तर पाणी आणि झाडांचे शेंडे दिसतील, ओहोटीला गेलात तर खाडी दिसेल. तिथी न पाहता कॅमेरा घेऊन निघणाऱ्यांना बहुतेक वेळा खाडी भेटतच नाही.

ओहोटीला उघडा पडतो तो चिखल, आणि या साऱ्या पुस्तकाचा खरा नायक मी त्यालाच म्हणेन. त्याच्याबद्दलचा तिटकारा आधी सोडावा लागतो. चिखलाला जो सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो सगळा गटाराचा नसतो. काही सेंटिमीटर खाली प्राणवायू संपतो आणि तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात. त्यांच्या श्वसनातून हायड्रोजन सल्फाइड वायू बाहेर पडतो. निरोगी कांदळवनातही हा वास असतोच. घाण वेगळी ओळखू येते: पाण्यावर तवंग, फेस, प्लास्टिकचा थर, आणि मुख्य म्हणजे चिखलावर हालचाल नसणे. जिवंत चिखल क्षणभरही स्वस्थ नसतो. त्यावर निवट्या सरपटत, उड्या मारत फिरतात. हा मासा पाण्याबाहेर तासन् तास राहतो. कल्ल्यांच्या पोकळीत तो पाणी भरून ठेवतो, ओल्या त्वचेतून प्राणवायू घेतो आणि पुढच्या परांचा पायांसारखा उपयोग करतो. डोळे डोक्याच्या माथ्यावर. सावली पडली की क्षणात बिळात. कोळी बाया याच बिळांत कोपरापर्यंत हात घालून निवट्या काढतात, आणि ते कसब पाहिल्याशिवाय खाडीची माहिती पुरी झाली असे मानू नये. निवटीच्या शेजारीच एक नांगा अंगापेक्षा मोठा असलेले छोटे खेकडे असतात. तो मोठा नांगा फक्त नराला, आणि तो हलवून नर मादीला बोलावतो, दुसऱ्या नराला दटावतो. खातो मात्र लहान नांग्याने, चिखलातले सेंद्रिय कण वेचून. दर भरती-ओहोटीला हजारो खेकडे वरचा थर असा खालीवर करतात, बिळांतून हवा आत खेळते आणि झाडांच्या मुळांना श्वास घेता येतो. चिखलाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म शैवालाचा पातळ थर असतो. हिवाळ्यात हजारो मैलांवरून येणारे तुतवार, चिखल्या, गॉडविट, उचाट्ये याच चिखलातले किडे, कवचधारी आणि शिंपल्या टिपायला येतात. चोचींची लांबी वेगवेगळी, म्हणून प्रत्येकाचा चिखलातला मजला वेगळा. मध्य आशियातून भारतात उतरणाऱ्या पाणपक्ष्यांच्या हवाई मार्गावर ही खाडी येते.

चिखलाला धरून ठेवते ते कांदळवन. ठाण्याच्या खाडीत तिवर सर्वांत जास्त. सांडपाणी, गाळ, उन्हाळ्यातला तीव्र खारेपणा, सारे सोसणारे ते झाड आहे. तिवराच्या पानाची खालची बाजू चाटून पाहिली तर खारट लागते, कारण जास्तीचे मीठ ते पानांतल्या ग्रंथींतून बाहेर टाकते. त्याची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलींसारखी सरळ वर येतात. कांदळाची मुळे कमानीसारखी खोडातून उतरतात आणि त्याचे बी फळ झाडावर असतानाच रुजते. लांब हिरवी शेंग दिसते ते खरे तर रोप असते. पडले की चिखलात उभे रुतते किंवा भरतीबरोबर तरंगत दुसरीकडे जाते. चिप्पी पाण्याच्या अगदी कडेला वाढते. तिची फुले रात्री उमलतात, आणि 2020 मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून मान मिळाला. काजळा, निळ्या फुलांची काटेरी मारांडी, अंगाला लागल्यास फोड आणणाऱ्या चिकाचा गेवा, हे सारे आपापल्या खारेपणाच्या पट्ट्यात असतात. कल्याणकडून ऐरोलीकडे येताना झाडी कशी बदलते एवढे जरी कोणी नीट पाहिले, तरी नदी आणि समुद्र यांच्यातली रस्सीखेच त्याला पानापानांवर वाचता येईल. या झाडीत बगळे, खंड्ये, मुंगसे आहेत आणि विक्रोळी-कांजूरमार्गच्या बाजूला कोल्हेही आहेत. मुंबईच्या लोकलपासून चालत जाण्याच्या अंतरावर कोल्हा राहतो, हे वाक्य मी कितीही वेळा लिहिले तरी मला त्याचा आनंद होतो.

आता रोहित. 1990 च्या दशकाच्या मध्यापासून शिवडीच्या चिखलावर हे पक्षी मोठ्या संख्येने दिसू लागले, मग खाडीभर पसरले. त्यांत छोटा रोहित संख्येने खूप जास्त, मोठा रोहित कमी. कच्छच्या रणात त्यांची वीण होते. पावसाळा सरला की ते इकडे येऊ लागतात आणि मे-जूनपर्यंत राहतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या गणनेत ही संख्या लाखाच्या पुढे गेली आहे. छोटा रोहित मान खाली घालून, चोच उलटी करून चिखलाच्या पाण्यातले निळे-हिरवे शैवाल गाळून खातो. त्या शैवालातल्या रंगद्रव्यानेच तो गुलाबी होतो. पिल्ले राखाडी असतात. शैवाल वाढते ते नत्र-स्फुरदावर, आणि ते कुठून येते ते आपण पाहिलेच. खडवलीवरून गेलेले, घराघरांतून फिरलेले पाणी इथे रोहितांच्या ताटात येते. यावरून सांडपाणी खाडीला मानवते असे अनुमान काही जण काढतात. ते चुकीचे आहे. ज्या पाण्याने शैवालाला पोसले, त्यानेच प्राणवायू ओढून घेतल्याने मासे, कोलंबी आणि कालवे या खाडीच्या बऱ्याच भागांतून हटली. एका पक्ष्याचा सुकाळ हा साऱ्या खाडीचा सुकाळ नव्हे. चेंदणीच्या कोळीवाड्यातल्या जुन्या माणसांजवळ बसावे, ती ज्या माशांची नावे घेतात त्यांतली निम्मी आता ठाण्याच्या बाजारात दुसऱ्या बंदरांतून येतात.

रोहितांनी खाडीला एक गोष्ट निर्विवाद मिळवून दिली, ती म्हणजे कायद्याचे संरक्षण. 6 ऑगस्ट 2015 रोजी 1690 हेक्टर क्षेत्र ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाले. मालवणनंतरचे राज्यातले हे दुसरे सागरी अभयारण्य. 2022 मध्ये भोवतालच्या पट्ट्यासह 6521 हेक्टर क्षेत्राला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ऐरोलीला वन विभागाच्या कांदळवन कक्षाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून बोटीने पक्षी दाखवायला नेतात. ज्यांनी खाडी कधीच पाहिली नाही त्यांनी तिथूनच सुरुवात करावी. पण संरक्षित रेषेच्या बाहेर काय चालले आहे तेही पक्ष्यांना भोवते. भरतीला चिखल बुडाला की रोहितांना टेकायला पाणथळी आणि मिठागरे लागतात, आणि नेमक्या त्याच जागांवर इमारती बांधणाऱ्यांचा डोळा आहे. 20 मे 2024 च्या रात्री घाटकोपरवर एका उतरत्या विमानाची थव्याला धडक बसून तीसहून जास्त रोहित मेले. ते रात्री का उडत होते यावर बरीच चर्चा झाली. माझ्यापुरते मी एवढेच म्हणेन की रात्रीच्या विश्रांतीच्या जागा कमी झाल्या की पक्षी अधिक उडणार.

माझा खरा जीव मात्र कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात अडकला आहे, कारण त्याला ना अभयारण्य आहे ना बोटीची सफर. वरती खडवलीला सहलीचे लोक येतात, खाली ऐरोलीला पक्षी पाहणारे येतात, मधल्या खाडीकडे कोणी येत नाही. दिवा-डोंबिवलीच्या बाजूला आगरी शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या बांध घालून खाजणात भात पिकवला. बांधाला उघाडी ठेवायची, पावसाचे पाणी बाहेर सोडायचे, खारे आत येऊ द्यायचे नाही, आणि मधल्या खड्ड्यांत कोलंबी-निवट्या वाढू द्यायच्या. अन्न आणि पाणथळ दोन्ही सांभाळणारी ही शेती होती. बांध फुटले, माणसे नोकऱ्यांना लागली, खाजणांवर भराव पडले. पात्रात रेतीचा उपसा झाला. पूर्वी डुबी मारून, बादलीने रेती काढत. सक्शन पंप आले आणि तळच ओढला जाऊ लागला, त्यातले किडे-शिंपल्यांसकट. काठ ढासळले, काठावरची तिवरे मुळांसकट पाण्यात गेली. उल्हास नदीत उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. लांबून सुंदर दिसतो, पण खालच्या पाण्याला ऊन आणि हवा मिळत नाही. कारखान्यांचे आणि शहरांचे सांडपाणी उल्हास आणि वालधुनी या नद्यांत सोडले जाते म्हणून वनशक्ती या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि 2015 मध्ये लवादाने संबंधितांना मोठ्या भरपाईचे आदेश दिले. इतके होऊनही डोंबिवलीच्या रेतीबंदरावर हिवाळ्यातल्या सकाळी कुरव, सुरय, शेकाट्ये, राखी बगळे दिसतात. हा पट्टा मेलेला नाही. त्याला फक्त कोणी आपला म्हटलेले नाही.

नदीचा विस्तारही खाडीचाच भाग, याची आठवण पूर करून देतो. 26 जुलै 2005 ला आणि पुन्हा 27 जुलै 2019 ला, महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पुरात अडकली तेव्हा, उल्हासने आपली जुनी जागा परत मागितली. त्या पाण्याला खाली पसरायला खाजणे आणि कांदळवन लागते. त्यात भरतीची वेळ असेल तर तेवढीही वाट बंद होते, आणि मग टिटवाळ्यापासून कल्याणपर्यंत घरांत पाणी शिरते.

पुस्तक वाचताना ते बरोबर घेऊन फिरावे अशी अपेक्षा आहे. एप्रिल-मेमध्ये खडवलीला जा, पाण्यात उतरू नका, काठाने चाला आणि पाणी कुठून आले, कुठे निघाले ते नीट पाहा. जूनच्या पहिल्या पावसात एखाद्या ओढ्यावर थांबा. नोव्हेंबरनंतर कल्याणच्या आणि डोंबिवलीच्या काठावर ओहोटीच्या वेळी सकाळी जा, आणि जानेवारी ते एप्रिलमध्ये ऐरोलीला. कुरवांना शेव-फरसाण टाकू नका. ते खाऊन त्यांचे भले होत नाही आणि परतीच्या हजारो मैलांच्या उड्डाणाला ते अन्न पुरत नाही. दुर्बीण नसली तरी चालेल, वही मात्र हवी. वहीत पक्ष्यांच्या नावाआधी तारीख, तिथी, भरती की ओहोटी, पाण्याचा रंग आणि वास लिहा, आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा जा. ठाण्याला चेंदणी बंदराजवळच्या बांदोडकर महाविद्यालयातल्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी खाडी दाराशी असल्याचा फायदा घेऊन अनेक वर्षे अशाच नोंदी ठेवल्या, म्हणून ठाण्याच्या तोंडाशी खाडी कशी बदलत गेली हे आज सांगता येते. कल्याण, टिटवाळा, खडवली इथल्या शाळा-महाविद्यालयांनाही नदी तितकीच जवळ आहे. त्यांच्या वह्या सुरू झाल्या तर या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत खाडीच्या वरच्या अंगाचे प्रकरण आजच्या दुप्पट होईल, आणि ते लिहिणारे तिथलेच असतील.